पाण्याचं इंजेक्शन

सुवर्णा कोकरे शिरूरच्या त्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली ते साल सत्त्याण्णव. पाटसजवळच्या वस्तीवरनं शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच मुलगी. आजोबांच्या काळापर्यंत घर मेंढरांमागं फिरत होतं. वडिलांनी, भिमाआप्पांनी, कॅनॉलच्या पाण्यावर ऊस-कांदा धरला, घर एका जागी बसलं आणि पोरगी शाळेत गेली.

दवाखाना खाजगी, नगर रस्त्याच्या कडेला. ट्रक उलटला, मोटारसायकल घसरली, मार्केट यार्डात कुणी पडलं, की पहिली गाडी तिथंच येऊन थांबायची. आणि आलेल्या माणसाला पहिला हात लागायचा तो वच्छलाबाईंचा.

वच्छलाबाई कॅज्युअल्टीच्या मोठ्या सिस्टर. वय पन्नाशीचं, साडी पांढरीशुभ्र, आवाज कधी चढायचा नाही. कसलीही शीर असो, बोलता बोलता सापडायची. सुवर्णाला शिरूरात खोली मिळेना, तेव्हा त्यांनीच आपल्या घरामागची खोली तिला दिली, वर दोन्ही वेळचं जेवण. पहिल्यांदा एक माणूस तिच्या हातात गेला, त्या दिवशी बाईंनी तिला स्वतःच्या हातानं भात भरवला होता. सुवर्णा आईला सांगायची, "मला इथं दुसरी आई मिळाली."

सगळं काम तिला बाईंनीच शिकवलं. टाके कसे धरायचे, नातेवाइकांना कसं बाहेर काढायचं, डॉक्टर येईपर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही. त्यातच एक धडा दारू पिऊन आलेल्यांचा होता.

"आधी तोंडाजवळ वाकायचं," बाई म्हणाल्या. "वास आला, की आपली घाई संपली. भिंतीकडच्या बाकावर झोपवायचं. उतरली की बघू."

"आणि फार दुखत असलं तर?"

"हे लोक दुखण्याचं नाटक करतात, बाळा. त्यांना इंजेक्शनची गुंगी पाहिजे असते. आणि दारूवर ते इंजेक्शन दिलं तर श्वास बंद पडायची भीती. म्हणून पाण्याचं द्यायचं. डिस्टिल वॉटर. वहीत मात्र दुखण्याचं लिहायचं, नाहीतर उद्या नातेवाईक भांडायला येतात."

"मग खऱ्या औषधाची ती अँप्युल?"

"माझ्याकडं दे. मी कपाटात ठेवते."

बाईंचा नवरा दारूनंच गेला होता, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. त्यामुळं त्या बोलत होत्या ते भोगून बोलत होत्या, असंच सुवर्णाला वाटलं. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून नोंदी तिनंच करायच्या असंही बाईंनी ठरवून टाकलं. तिला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता.

नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी यवतचा संपत नावाचा टेंपोवाला आला. यार्डात कांद्याच्या गोण्यांवर चढून दोर आवळत होता, तोल गेला, खाली आला. नडगीचं हाड मोडून कातड्याखाली टोक दिसत होतं. तोंडाला वास येत होता. बरोबर बायको होती, कुशाबाई. संपत असा ओरडत होता, की बाहेर रस्त्यावरची माणसं दारात येऊन उभी राहिली.

"आवो सिस्टर, कायतरी द्या! जीव चाललाय माझा!"

सुवर्णानं बाकावरच त्याच्या दंडाला पाण्याचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासानं तो तितकाच ओरडत होता.

कुशाबाई कळवळून म्हणाली, "बाई, ह्येला काय फरक न्हाई पडला."

"इंजेक्शन दिलंय," सुवर्णा म्हणाली. "एवढं दुखायला नको. दारूमुळं नाटक करतायत ते."

कुशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. चारचौघांत शरमेनं तिचा चेहरा काळाठिक्कर पडला. "गप ऱ्हा की," ती दातओठ खाऊन म्हणाली, "किती तमाशा करशील?" तरीही तो थांबेना, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. संध्याकाळी हाडांचे डॉक्टर येईपर्यंत तो हात तिनं काढला नाही. वच्छलाबाई लांबून बघत होत्या. नंतर त्यांनी सुवर्णाच्या पाठीवर थाप मारली. "तयार झालीस हं आता."

अशी साडेतीन वर्षं गेली.

दोन हजार एकच्या जानेवारीत पुण्याला तीन दिवसांचं ट्रेनिंग निघालं. हायवेवरच्या दवाखान्यांतून एकेक नर्स बोलावली होती. व्यसनी पेशंट कॅज्युअल्टीत आला तर काय करावं, हे शिकवणार होते. बाईंनी पत्र वाचलं आणि हसून सुवर्णाकडं सरकवलं. "तूच जा. पुणं तरी बघून ये."

शिकवायला धनश्री मॅडम होत्या, मनोविकाराच्या डॉक्टर. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. "तुमच्याकडं दारू पिऊन आलेल्या शेवटच्या पाच पेशंटची नावं लिहा." तीस नर्स पेन हातात धरून बसून राहिल्या. सुवर्णाला एकच नाव आठवलं, संपत. तेही तो इतका ओरडला होता म्हणून.

मॅडम कुणाला रागावल्या नाहीत. बेशुद्ध माणसाला वास येत असला तरी साखर तपासा, डोळ्यांच्या बाहुल्या बघा, डोक्याला मार आहे का बघा, इतकंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. दारूच्या वासाखाली काय काय लपतं आणि बाकावर पडल्या पडल्या माणसं कशी मरतात, ते त्यांनी एकेक केस सांगून दाखवलं. सुवर्णाला तो भिंतीकडचा बाक आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुखण्याचा विषय निघाला. मॅडम म्हणाल्या, "दारू प्यायलेल्याला हे इंजेक्शन जपून द्यावं लागतं, हे खरं. डॉक्टरांना विचारून, कमी डोस, श्वासावर लक्ष. पण तुम्ही खरोखर काय करता, ते सांगा."

सुवर्णा प्रामाणिकपणे उभी राहिली. "आम्ही पाण्याचं देतो, मॅडम."

"वहीत काय लिहिता?"

"दुखण्याचं."

"मग खरी अँप्युल कुठं जाते?"

"आमच्या बाई कपाटात परत ठेवतात."

आवाज न चढवता मॅडमनी विचारलं, "वहीत जी खर्ची पडली, ती कपाटात परत कशी ठेवतात?"

सुवर्णा खाली बसली. पुढचा तास तिला काहीच ऐकू आलं नाही. रोज दुपारी दोनच्या सुमाराला बाई चादरींच्या खोलीत जायच्या. आतनं कडी. डोकं दुखतं म्हणायच्या. अर्ध्या तासानं बाहेर यायच्या त्या शांत, मऊ, डोळे जड झालेल्या. आणि त्या दारापाशी कुणी जाऊ नये म्हणून राखण कोण करायचं? सुवर्णाच करायची. मावशींना दटावून, "बाई थकल्यात, जरा पडू द्या त्यांना," असं सांगायची.

तिसऱ्या दिवशी एक कंपाउंडर बोलायला आला. आठ वर्षं सुई टोचून घेत होता, आता सुटला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "मी चोर नव्हतो, पण मी चोरी केली. मला कुणी आजारी समजून हात धरला असता, तर लवकर सुटलो असतो." ते वाक्य सुवर्णानं वहीत उतरवून घेतलं. एसटीत बसून शिरूरला येईपर्यंत तिनं ते कितीदा वाचलं असेल.

गुरुवारी दुपारी तिनं चादरींच्या खोलीचं दार वाजवलं आणि उत्तराची वाट न बघता खांद्यानं ढकललं. जुनी कडी निघाली. वच्छलाबाई चादरींच्या ढिगावर बसल्या होत्या. साडी मांडीपर्यंत वर, हातात सिरिंज. मांडीवरचं कातडं वाळलेल्या चिखलासारखं कडक झालेलं, त्यावर निळे-काळे खड्डे.

"दार लाव," बाई म्हणाल्या.

तिनं दार लावलं. बाई रडायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पहिल्यांदा घेतलं होतं. मग दुखणं गेलं पण इंजेक्शन गेलं नाही. "मी सोडायला बघितलं गं. अंगातनं किडे चालतात. मला ह्यातनं काढ, बाळा. तुझ्याशिवाय माझं कोण आहे?"

सुवर्णानं त्यांना जवळ घेतलं. राग यायला हवा होता, पण नुकतीच ती शिकून आली होती, आणि शिकलेलं पहिल्यांदा उपयोगाला आलं याचं तिला कुठंतरी बरंही वाटत होतं. "हा आजार आहे, बाई," ती म्हणाली. "यावर उपचार आहे. मी मॅडमना ओळखते. मी येते तुमच्याबरोबर."

"सोमवारी जाऊ. पण तोवर सरांना सांगू नको. माझी तीस वर्षांची इज्जत आहे इथं. घे माझी शपथ."

सुवर्णानं शपथ घेतली.

रविवारी तिनं मॅडमना द्यायला पत्र लिहून ठेवलं. सोमवारी सकाळी पिशवीत बाईंसाठी शाल आणि बिस्किटं घालून ती दवाखान्यात आली, तर दारातच निरोप होता, सरांनी केबिनमध्ये बोलावलंय.

सर म्हणजे दवाखान्याचे मालक डॉक्टर. टेबलावर इंजेक्शनांची वही उघडी होती. वच्छलाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीत, हात पुढं बांधून.

"सहा महिन्यांत दारूच्या पेशंटना चौऱ्याऐंशी अँप्युल दिल्याचं लिहिलंय," सर म्हणाले. "त्यांतल्या किती खरंच दिल्यास?"

सुवर्णा वहीजवळ सरकली.

"अक्षर तुझंच आहे ना?"

"व्हय, सर. पण..."

"बाईंना तुझा संशय वर्षभरापासून होता. बोलल्या नाहीत. सुधारशील म्हणून त्यांनीच तुला त्या ट्रेनिंगला पाठवलं."

सुवर्णानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही. त्या तिच्याकडं दयेनं बघत होत्या. चूक केलेल्या लेकराकडं बघावं तसं. ती नजर सुवर्णा पुढं कधी विसरली नाही.

"बाईंची मांडी बघा, सर!" ती ओरडली. "आत्ता बघा! सगळं कळंल तुम्हांला!"

सर खुर्चीतनं उठले. "लाज वाटत नाही? आईच्या वयाच्या बाईबद्दल बोलतेस हे?"

"बोलू द्या तिला, सर," बाई हळूच म्हणाल्या. "हे लोक असंच करतात. दुसऱ्यावर ढकलतात. तिच्या हातात नसतं ते."

हे लोक. साडेतीन वर्षं हेच दोन शब्द तिनं बाईंच्या तोंडून ऐकले होते आणि स्वतःही वापरले होते. आता ती त्यांत जाऊन बसली होती, आणि तिला कळलं की इथून पुढं ती जितकं ओरडेल तितकं ते नाटकच ठरणार.

पोलिसांत जाणार नाही, एवढीच मेहरबानी सरांनी केली. दुपारच्या गाडीनं ती पाटसला आली.

बातमी तिच्याआधी पोचली होती. दवाखान्यातल्याच कुणीतरी गावच्या माणसाला फोन केला होता. भिमाआप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी लेकीकडं न बघता बायकोला हाक मारली.

"सरूबाई, पोरीला आत ने. आन् नीट बघ."

आईनं दार लावलं. तिनं सुवर्णाच्या बाह्या वर सारल्या. दंड बघितले, कोपराच्या आतली बाजू बघितली, मनगटं उलटी करून बघितली. मग खाली बसून पोटऱ्या, मांड्या. सुवर्णा भिंतीला टेकून उभी राहिली. सगळं बघून झाल्यावर सरूबाई बाहेर गेली आणि म्हणाली, "काय न्हाई. लेक चांगली हाय माझी."

आप्पा आत आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, "चुकलं माझं," म्हणाले. सुवर्णानं मान हलवली. पण त्या दिवसापासून आईनं नुसता हात धरला तरी ती दचकायची.

दोन महिन्यांनी तिला दौंडात स्टेशनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात नोकरी लागली. आधीचं कुणी फार विचारलं नाही. कामाला हात हवे होते. जून संपता संपता शिरूरच्या दवाखान्यातल्या मावशी, अनसाबाई, एका लग्नासाठी दौंडला आल्या आणि मुद्दाम वाट वाकडी करून तिला भेटल्या.

"तू गेलीस तरी इंजेक्शनं जातच ऱ्हायली की," अनसाबाई म्हणाल्या. "मग सरांनी एक दिस स्वतःच चादरींच्या खोलीचं दार उघाडलं. बाईंच्या भावानं नेलं त्यांना सोलापूरकडं."

"सगळ्यांना सांगितलं का सरांनी?"

अनसाबाईंनी नजर खाली केली. "न्हाई बा. दवाखान्याचं नाव जातंय म्हणं. बाईंना शाल-नारळ दिला, भाषणं झाली. तब्येतीमुळं सोडतात म्हणून सांगितलं. तुझ्याबद्दल म्हणले, यायचं आसंल तर येऊ द्या."

"माफी मागितली?"

"आसं कुठं डॉक्टर मागतो का माफी?"

सुवर्णा गेली नाही. पण त्यानंतर तिच्यात काहीतरी आटलं. बाई आजारी होत्या, हे तिनं मनाला कितीदा सांगितलं. चोरी त्या आजारानं करायला लावली, हेही मानलं. पण गुरुवारी आपल्या कुशीत रडून सोमवारी आपलंच नाव पुढं करायचं, तेही आपल्याच ट्रेनिंगचा दाखला देऊन, हे आजारानं केलं की वच्छलाबाईंनी केलं? याचं उत्तर धनश्री मॅडमच्या कुठल्याच कागदात नव्हतं. ती पुन्हा कडक झाली. दौंड जंक्शनचं गाव. स्टेशनावरून प्यायलेली माणसं रोजच यायची. नावं विचारायचं तिनं बंद केलं.

एका सकाळी पोलिसानं फलाटावरनं एकाला आणलं. ती वाकली, वास आला, आणि ती सहकारी नर्सला, पूनमला, म्हणाली, "वास येतोय. पडू दे बाकावर."

चहा घ्यायला वळली आणि तिला वाटलं, हे आत्ता बोललं कोण? शब्द तिचे नव्हते, शब्दांची चालसुद्धा तिची नव्हती. वच्छलाबाईंनी सगळं काढून घेतलं होतं, आणि स्वतःचा आवाज मात्र तिच्या घशात ठेवून गेल्या होत्या.

ती परत फिरली. त्या माणसाची साखर तपासली, बाहुल्या बघितल्या, डोकं चाचपलं. सगळं ठीक होतं. तो नुसताच प्यायलेला होता. शुद्धीवर आला तेव्हा तिच्या साडीवर ओकला आणि वर शिव्याही दिल्या. सुवर्णानं त्याला नाव विचारलं. सावळाराम. वहीत तिनं ते नीट लिहिलं.

पुढच्या सुट्टीला ती यवतला गेली. संपत टेंपोवाला कुठं राहतो, ते ढाब्यावर विचारत विचारत घर सापडलं. संपत अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. टेंपो विकून टाकला होता, पाय वाकडा जुळला होता. कुशाबाई शेंगा फोडत होती. दोघांनीही तिला ओळखलं नाही. तिनं ओळख दिली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. की तुम्हांला त्या दिवशी दुखण्याचं इंजेक्शन दिलंच नव्हतं. पाणी दिलं होतं. खरं इंजेक्शन दुसऱ्याच माणसानं घेतलं. आणि तुम्ही नाटक करताय असं मीच म्हणाले.

संपतच्या हातातला दोर थांबला. "म्हंजी मी खोटं वरडत न्हवतो," तो म्हणाला. मग बायकोकडं वळला. "ऐकलंस का? दोन वर्सं घरात हेच चाललंय. जरा कण्हलो की समदी म्हनत्यात, सुरू झालं ह्येचं नाटक. पोरंबी म्हनत्यात."

कुशाबाई उठली. तिच्या ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या.

"म्या त्येच्या तोंडावर हात ठेवला व्हता," ती म्हणाली. "सांजपत्तूर. तुमी म्हणला म्हणून."

"माझी चूक झाली," सुवर्णा म्हणाली. "मला आमच्या मोठ्या बाईंनी तसं शिकवलं होतं. मलाही फसवलं त्यांनी."

"तुमच्या बाईनं तुमास्नी फशिवलं, तुमी आमास्नी फशिवलं, आन् म्या ह्येला. आता ह्यो कुणाकडं जाऊन रडंल?"

बस म्हणून कुणी म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. ती अंगणातून निघाली, तेव्हा मागं संपत बायकोला काहीतरी सांगत होता आणि कुशाबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. सुवर्णा हायवेवर येऊन उभी राहिली. हलकं वाटेल या आशेनं ती आली होती. तसं काही वाटलं नाही.

दौंडच्या दवाखान्यात मात्र तिनं डॉक्टरांच्या मागं लागून दोन गोष्टी करून घेतल्या. प्यायलेला असो की नसो, हाड मोडलेल्या माणसाला डॉक्टरांना विचारून, मापून, पण खरं इंजेक्शन मिळायचं आणि कुणीतरी त्याचा श्वास बघत शेजारी बसायचं. आणि प्रत्येक अँप्युल दोघींनी बघून फोडायची, दोघींनी सह्या करायच्या, फुटकी काच डब्यात ठेवून सकाळी दाखवायची. नर्सांना याचा फार कंटाळा. एकदा पूनम चिडून म्हणालीच, "सिस्टर, आमच्यावर तुमचा एवढासाही विश्वास नाही का हो?"

"नाही," सुवर्णा म्हणाली. "माझ्यावरसुद्धा ठेवू नको. सही कर."